दिलमुन : नंदनवन आणि माणसे

एखाद्या पुस्तकाची समीक्षा करताना त्यात काय सांगितले आहे, ते कसे सांगितले आहे आणि काय सांगावयाचे राहून गेले आहे, असे तीन प्रश्न आपण विचारतो. एखाद्या देशाने जतन केलेल्या वारसास्थळांनाही हेच प्रश्न विचारता येतात. पण सहसा ते कोणी विचारीत नाही. आपण जातो, पाटी वाचतो, छायाचित्र काढतो आणि परततो. बहरीन या आखातातील छोट्या बेटराष्ट्राची प्राचीन व ऐतिहासिक स्थळे पाहताना मात्र हे प्रश्न टाळता येत नाहीत, कारण तेथे प्रवाशाच्या कानी पडणारे पहिलेच वाक्य फार मोठा दावा करणारे असते. बहरीन म्हणजे प्राचीन दिलमुन, दिलमुन म्हणजे सुमेरी लोकांचे नंदनवन, आणि उत्पत्तीच्या पुस्तकातील एदेन बागही बहुधा हीच, असे ते वाक्य आहे.

आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांचे कोणी ना कोणी नोकरीनिमित्त आखातात जाऊन आलेले आहे. मनामाचे सेक्रेड हार्ट चर्च त्यांना ठाऊक असते. 1939 साली उभे राहिलेले ते आखाती किनाऱ्यावरील आधुनिक काळातील पहिले कॅथलिक चर्च. सोन्याचा बाजार ठाऊक असतो, समुद्रावरचे पूल ठाऊक असतात. परंतु ज्या भूमीवर आयुष्याची दहा-वीस वर्षे घालविली, तिच्या पोटात चार हजार वर्षांची वस्ती आहे, हे पुष्कळांना परत आल्यावरही ठाऊक नसते. आपल्या माणसांनी ही स्थळे पाहावीत असे आम्हांस मनापासून वाटते, आणि ती पाहताना नंदनवनाची पाटी थोडा वेळ बाजूला ठेवावी, असेही वाटते. त्यामागची कारणे येथे मांडीत आहोत.

प्रथम त्या पाटीचा इतिहास पाहू. सुमेरी भाषेत एनकी आणि निनहुरसाग या देवतांची एक काव्यकथा आहे. तिच्या आरंभी दिलमुनचे वर्णन शुद्ध आणि तेजस्वी देश असे येते. तेथे हिंस्र पशू हिंसा करीत नाहीत, रोग नाही, वार्धक्याची तक्रार नाही. उणीव एकच, गोड्या पाण्याची. आणि एनकी तीही भरून काढतो. दुसऱ्या एका सुमेरी कथेत जलप्रलयातून वाचलेल्या झिउसुद्र राजाला देव दिलमुनमध्ये नेऊन वसवितात. हे वाचताना नोहाची आठवण होणे स्वाभाविक आहे. सॅम्युएल नोआ क्रेमर या सुमेरी वाङ्मयाच्या थोर अभ्यासकाने तर एदेन बागेच्या कथेचे मूळ दिलमुनकथेत शोधले. बरगडी आणि जीवन देणे या दोहोंसाठी सुमेरी भाषेत एकच शब्द असल्याने, बरगडीपासून स्त्री निर्माण झाल्याच्या कथेशी त्याचा दुवा असावा, असे त्यांनी सुचविले. ही चर्चा उद्बोधक आहे. परंतु ती ग्रंथांची ग्रंथांशी तुलना आहे. तिच्यामुळे बहरीनच्या कोणत्याही टेकडीवर एदेनचा नकाशा उमटत नाही. क्रेमर यांनी स्वतः दिलमुनचा शोध एके काळी इराणात आणि पुढे सिंधूच्या बाजूला घेतला होता, ही गोष्टही लक्षात ठेवावयास हवी.

शिवाय याच मेसोपोटेमियातील मातीच्या विटांवर आणखी एक दिलमुन लिहिलेला आहे, आणि तो हिशेबाच्या वहीतला आहे. तेथून तांबे येते, खजूर येतो. ‘मत्स्यनेत्र’ नावाची वस्तूही येते, जिचा अर्थ काही अभ्यासक मोती असा करतात. दिलमुनला जाऊन व्यापार करणाऱ्यांना अक्कादी भाषेत ‘आलिक तिलमुन’, म्हणजे दिलमुनला जाणारे, असे नावच होते. आपल्याकडे ‘गल्फला असतो’ म्हटले की अधिक काही सांगावे लागत नाही, तसेच ते असावे. उर नगरातील एआ-नासिर हा असाच एक दिलमुनला जाणारा. त्याने हलके तांबे गळ्यात मारल्याची एका गिऱ्हाइकाची संतप्त तक्रार मातीच्या विटेवर कोरलेली आहे आणि ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये पाहावयास मिळते. म्हणजे कवींचा एक दिलमुन आणि व्यापाऱ्यांचा दुसरा. बहरीनच्या भूमीतून वर आला आहे तो मुख्यतः दुसरा. आमच्या मते तो पहिल्याहून अधिक रसाळ आहे.

बहरीन म्हणजेच दिलमुन, हे समीकरण कसे जुळले, तेही पाहण्यासारखे आहे. 1878-79 मध्ये कॅप्टन ड्युरँड या ब्रिटिश अधिकाऱ्याला बहरीनमध्ये एक काळा कोरीव दगड आढळला. त्यावरील क्यूनिफॉर्म लेखात इन्झाक या देवाच्या सेवकाचा उल्लेख होता. इन्झाक हा दिलमुनचा देव, हे मेसोपोटेमियातील लेखांवरून ठाऊक असल्यामुळे सर हेन्री रॉलिन्सन यांनी बहरीन आणि दिलमुन एकच असल्याचे प्रतिपादन केले. 1925 साली अर्नेस्ट मॅके यांनी आली गावाजवळचे मोठे दफनढिगारे खणले. मोहेंजोदडोच्या उत्खननामुळे पुढे प्रसिद्धी पावलेले मॅके ते हेच. ढिगारे हजारोंनी होते आणि शहर कोठेच सापडत नव्हते. तेव्हा समोरच्या मुख्य भूमीवरील लोक आपले मृत आणून पुरीत असलेले हे स्मशानबेट असावे, असा तर्क त्यांनी केला.

ही कोंडी जिने फोडली त्या शोधाची कहाणी जेफ्री बिबी यांच्या 1969 साली प्रसिद्ध झालेल्या ‘लुकिंग फॉर दिलमुन’ या इंग्रजी पुस्तकात आहे. बहरीनला जाणाऱ्याने एकच पुस्तक वाचावयाचे ठरविले, तर हेच वाचावे. बिबी हे डेन्मार्कमध्ये स्थायिक झालेले इंग्रज. तेलाच्या व्यवसायात नोकरीला असताना त्यांनी बहरीन पाहिले होते आणि हजारो कबरींच्या मालकांची घरे कोठे गेली, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला होता. 1953-54 च्या हिवाळ्यात पी. व्ही. ग्लोब यांच्यासमवेत डॅनिश मोहीम घेऊन ते परत आले. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर पोर्तुगीज किल्ला म्हणून ओळखली जाणारी पडकी वास्तू ज्या टेकडीवर होती, ती टेकडीच मुळी शहरांच्या थरांनी बनलेली असल्याचे या मोहिमेने दाखवून दिले. तीनशे मीटर रुंद आणि सहाशे मीटर लांब अशा त्या टेकडीत इ.स.पू. 2300 च्या सुमारापासून इसवी सनाच्या सोळाव्या शतकापर्यंतची वस्ती एकावर एक रचलेली आहे.

बिबींच्या पुस्तकाचा मोठा गुण म्हणजे त्यातील प्रांजळपणा. उत्खनन म्हणजे खजिना सापडणे, ही वाचकाची समजूत ते हळूहळू दूर करतात. खापरांची वर्गवारी, पैशांची ओढाताण, पुढच्या हंगामाची वाट पाहणे हे सारे त्यांनी रंजक केले आहे, आणि तर्काला ते तर्कच म्हणतात. तरीही नंदनवनाच्या मोहातून तेसुद्धा पूर्णपणे सुटलेले नाहीत. टेकडीतील एका प्रासादाच्या जमिनीखाली झाकलेले वाडगे निघाले. त्यांत सापांचे सांगाडे होते आणि त्यांच्यासोबत मण्यासारखी लहानशी वस्तू ठेवलेली होती. एका वाडग्यात तर मोती होता. गिल्गमेशच्या महाकाव्याचा नायक पायांना दगड बांधून खोल पाण्यात उतरतो, अमरत्वाची वनस्पती वर आणतो आणि पुढे एक साप ती गिळून टाकतो. बिबींनी हा धागा जोडला : मोती हीच ती वनस्पती, आणि हे साप अमरत्व मिळविलेले साप. कल्पना मोहक आहे. पण हे वाडगे लोहयुगातील, म्हणजे सुमेरी दिलमुनकथांनंतर हजाराहून अधिक वर्षांनी पुरलेले आहेत. ज्यांनी ते पुरले, त्यांच्या मनात गिल्गमेश होता की घरातील आजारी मूल होते, हे वाडगे सांगत नाहीत. येथे कथा पुढे होते आणि माणूस मागे राहतो. बहरीनच्या पर्यटनपत्रकांत तर हाच प्रकार दसपटीने झालेला दिसतो.

वाळवंटातील ‘जीवनवृक्षा’चे उदाहरण घ्या. हे झाड सुमारे चारशे वर्षांचे मानले जाते. उघड्या वाळूत ते एकटे हिरवे उभे आहे आणि खरोखरच पाहण्यासारखे आहे. एदेन बागेशी त्याचे नाते सांगितले जाते. वस्तुतः ते शमीच्या जातीचे झाड आहे. दसऱ्याच्या कथेत पांडवांची शस्त्रे सांभाळणारी शमी ती हीच. वाळवंटात खोलवर मुळे पाठवून जगणे हा तिचा धर्मच आहे. तिचे आश्चर्य तिच्या मुळांत आहे. त्यासाठी उत्पत्तीच्या पुस्तकाला साक्षीला बोलाविण्याचे कारण नाही.

स्मशानबेटाच्या तर्काचे पुढे काय झाले? पुढच्या संशोधनाने तो टिकू दिला नाही. कित्येक शतके नांदलेल्या स्थानिक वस्तीने आपल्याच माणसांना पुरले तरी ढिगाऱ्यांची एवढी संख्या होऊ शकते, हे स्पष्ट झाले. मृतांना मुख्य भूमीवरून आणण्याची गरजच नव्हती. बेटाला पवित्र ठरविण्याच्या घाईत आपण तेथल्या रहिवाशांनाच नाकारीत होतो. दिलमुनचे हे दफनढिगारे 2019 साली जागतिक वारशाच्या यादीत आले. एकवीस ठिकाणी मिळून सुमारे 11,774 ढिगारे त्यात आहेत, आणि ते मुख्यतः इ.स.पू. 2050 ते 1750 या काळातील आहेत. आज मातीचा उंचवटा दिसतो, तेथे मुळात दगडी, ठेंगणा, गोल बुरूज असे. आली येथील राजघराण्याचे ढिगारे दुमजली होते. मोठ्यांच्या कबरीला बिलगून लहान मुलांच्या कबरी बांधलेल्याही आढळल्या आहेत. ही एक गोष्ट पाहिली की नंदनवनाचे सारे वर्णन फिके पडते. जेथे मूल मरते आणि आईबाप त्याच्यासाठी दगड रचतात, ते आपल्यासारख्यांचेच गाव होय.

या ढिगाऱ्यांविषयी एक कठोर गोष्टही सांगितली पाहिजे. जे उरले त्याहून कितीतरी अधिक नाहीसे झाले. तेलानंतरच्या दशकांत घरे, रस्ते आणि वसाहती वाढल्या आणि ढिगाऱ्यांची मैदानेच्या मैदाने सपाट झाली. आली गावात तर कुंभारांच्या भट्ट्या राजढिगाऱ्यांच्या कुशीतच पेटत आल्या आहेत. शुद्धतावादी प्रवाशाला हे खटकते. आमचे मत वेगळे आहे. कुंभाराने कबरीचा आडोसा घेतला त्यात निदान सहवास होता; बुलडोझरने तोही ठेवला नाही. उरलेले जपण्याचा बहरीनचा निर्धार स्तुत्य आहे. पण संग्रहालयांनी गेलेल्यांची संख्याही तितक्याच ठळकपणे सांगितली, तर तो निर्धार अधिक प्रामाणिक ठरेल.

ज्यांना थोडाच वेळ आहे त्यांनी मनामातील राष्ट्रीय संग्रहालयापासून आरंभ करावा. 1988 साली उघडलेल्या या संग्रहालयात दिलमुनच्या गोल मुद्रा आहेत आणि बारबार येथे सापडलेले तांब्याचे वृषभमस्तक आहे. मुद्रा पाहताना आपल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अशाच आखाती पद्धतीची एक मुद्रा गुजरातेत लोथल येथे सापडली आहे, आणि सिंधू संस्कृतीची वजने बहरीनमध्ये. चार हजार वर्षांपूर्वी दोन्ही किनाऱ्यांचे व्यापारी एकाच वजनावर विश्वास ठेवीत होते. भाषा वेगळी, देव वेगळे, पण तराजू एक. वारसा या शब्दाचा याहून साधा आणि याहून खोल अर्थ आम्हांस तरी कोठे आढळलेला नाही.

बारबारचे मंदिर हे प्रथमदर्शनी निराशा करणारे स्थळ आहे. एकावर एक बांधलेल्या तीन मंदिरांचे चौथरे, कापीव चुनखडीचे चिरे आणि खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, एवढेच डोळ्यांना दिसते. पायऱ्यांच्या तळाशी झऱ्याचे कुंड होते. येथे पाहावयाचे ते हे कुंडच. खाऱ्या समुद्राने वेढलेल्या बेटावर जमिनीतून, इतकेच काय समुद्राच्या तळातूनही गोड्या पाण्याचे झरे फुटत. मोती काढणारे पाणबुडे कातडी पखाल घेऊन समुद्रतळाशी जात आणि तेथून पिण्याचे पाणी भरून आणीत. ‘बहरैन’ या अरबी नावाचा अर्थच दोन समुद्र असा आहे. एक खारा आणि एक गोडा, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. गोड्या पाण्याचा देव एनकी याची कथा दिलमुनला का चिकटली, हे या पायऱ्यांवर उभे राहिले की कळते. मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाण्याचा बेसुमार उपसा झाला आणि बेटावरील बहुतेक नैसर्गिक झरे आटले. ज्या पाण्याने नंदनवनाची कथा जन्माला घातली, ते पाणी आज इतिहासजमा होत आहे. बारबारच्या कुंडाजवळ सांगावयाची खरी गोष्ट हीच आहे. देवांची नावे त्यानंतर सांगितली तरी चालतील.

याच्या अगदी उलट अनुभव सार येथील वस्तीत येतो. 1990 च्या दशकात लंडन-बहरीन मोहिमेने येथे दिलमुनकालीन गाव उघडे केले. मधला रस्ता, मोक्याच्या जागी छोटेखानी मंदिर, दोन्ही बाजूंना एका ठशाची घरे, घरात चूल, रांजणाची जागा. राजा नाही, प्रासाद नाही, पुराणकथाही नाही. म्हणून पर्यटक येथे कमी थांबतात. आमच्या दृष्टीने हे बहरीनमधील सर्वांत बोलके स्थळ आहे. हजारो कबरींचे मालक कोठे राहत होते, या बिबींच्या प्रश्नाचे घरगुती उत्तर येथे मिळते.

आता पुन्हा किनाऱ्यावरील टेकडीकडे, म्हणजे कलात अल-बहरीनकडे वळू. 2005 साली ती जागतिक वारसा ठरली, आणि 2008 पासून तिच्या पायथ्याशी समुद्राला लागून संग्रहालय आहे. टेकडीचा जेमतेम चतुर्थांश भाग खणलेला आहे, ही गोष्ट आम्हांस फार आश्वासक वाटते. पुढच्या पिढीसाठी काही न वाचलेली पाने राखून ठेवली आहेत. दिलमुनची तटबंदी, खजुराचा पाक गोळा करण्याची पन्हाळीदार जमीन, ग्रीक लोक या बेटाला टायलॉस म्हणत त्या काळचे अवशेष, इस्लामी काळातील किनारी गढी आणि सर्वांत वर सोळाव्या शतकातील किल्ला, असे थर येथे क्रमाने वाचता येतात.

या वरच्या थराशी आपला संबंध थेट आहे. 1521 साली अंतोनियो कोर्रेया याने होर्मुझच्या बाजूने बहरीनवर स्वारी केली. तेथील राजा मुक्रिन लढाईत मारला गेला. त्याचे मस्तक कापून होर्मुझला नेण्यात आले आणि कोर्रेयाने आपल्या कुलचिन्हात त्या मस्तकाला जागा दिली. त्यानंतर तेराच वर्षांनी, 1534 साली, वसई पोर्तुगीजांच्या हाती आली. गोव्याहून चालणाऱ्या एकाच सत्तेची ही दोन ठाणी. बहरीनमधील अंमल 1602 मध्ये संपला, वसईतील 1739 मध्ये. वसईच्या किल्ल्यात पडक्या चर्चच्या कमानींखाली उभे राहिलेल्या माणसाला बहरीनचे बुरूज ओळखीचे वाटतील. परंतु ओळख म्हणजे अभिमान नव्हे. श्रद्धा आपल्याला ज्या गलबतांतून मिळाली, त्याच गलबतांतून तोफाही आल्या, हे मान्य केल्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही. कुलचिन्हावर कापलेले मस्तक मिरविणारा सरदार आपला पूर्वज नाही. त्याच्या बुरुजासाठी चुना मळणारा अनामिक मजूर कदाचित आपल्याला अधिक जवळचा असेल. बहरीनने हा किल्ला पाडला नाही, झाकला नाही, आणि त्याला टेकडीचा मालकही केले नाही. अनेक थरांपैकी एक थर म्हणून त्याला त्याच्या जागी ठेवले. परकी राजवटीच्या खुणांशी कसे वागावे, याचा हा चांगला धडा आहे.

मनामाला पुलांनी जोडलेल्या मुहर्रक बेटावर आपण मोत्यांच्या काळात येतो. येथील मोतीव्यवसायाचा वारसा 2012 साली जागतिक यादीत आला. समुद्रातील तीन शिंपलेतळ, किनाऱ्याचा एक तुकडा, बू माहिर किल्ला आणि गावातील सतरा वास्तू यांना जोडणारी सुमारे साडेतीन किलोमीटरची वाट येथे आहे. प्रवाळदगडाच्या भिंती, नक्षीदार गिलावा, व्यापाऱ्यांच्या बैठका, सियादी घराण्याचा मजलिस, सारेच देखणे आहे. मुहर्रकच्या या पुनरुज्जीवनाला 2019 साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता.

तथापि, आमचा तिसरा प्रश्न येथे सर्वांत तीव्रपणे उभा राहतो : काय सांगावयाचे राहिले? मोत्यांचा मोठा हंगाम उन्हाळ्यात चार महिन्यांचा असे. पाणबुड्याच्या नाकाला चिमटा, बोटांना कातडी टोप्या, गळ्यात जाळीदार टोपली आणि पायाला दगड. वर नावेत दोर धरून बसलेला जोडीदार. दिवसभरात डझनावारी बुड्या. हंगामापूर्वी घरखर्चासाठी नाखव्याकडून उचल घ्यावयाची आणि हंगामानंतर हिशेबात ती फिटली नाही की पुढच्या वर्षी त्याच नावेवर बांधले जावयाचे. हिशेब लिहिणारा लिहीत असे; पाणबुड्याला बहुधा वाचता येत नसे. बाप मेला तर कर्ज मुलाच्या माथी येई. 1920 च्या दशकात प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र वहीत लिहिण्याची सक्ती झाली, तेव्हा मोठ्यांनी तिला कडाडून विरोध केला. आणि 1932 मध्ये उचलीची रक्कम घटविल्यावर स्वतः पाणबुडेच रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी बहरीनमध्ये तेल सापडले. जपानचे संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांनी मोतीव्यवसायाचा कणा मोडलाच होता.

हे मोती जात कोठे? पुष्कळसे मुंबईस. मुंबईच्या बाजारात त्यांची निवड होई, त्यांना भोके पाडली जात, ते ओवले जात. मोत्यांचे ‘चव’ हे परिमाण मुंबईत चाले तसेच आखातातही चाले. बहरीनच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या, आणि 1965 साली दिनार येईपर्यंत बहरीनमध्ये व्यवहार रुपयांत होत होता. तेव्हा त्या पाणबुड्याच्या कर्जाचे एक टोक आपल्या शहरापर्यंत पोहोचते.

मुहर्रकच्या वाटेवर मजलिसांबरोबर साध्या दर्यावर्दी माणसांची घरेही जतन केली आहेत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. हा निर्णय मोठा आहे. श्रीमंतांची दालने राखून गरिबांच्या झोपड्या विसरणारी वारसास्थळे आपण जगभर पाहतो. तरीही आमच्या मते या वाटेवर सौंदर्याचा आवाज मोठा आणि कर्जाचा आवाज लहान आहे. गिल्गमेशने पायाला दगड बांधला तो अमरत्वासाठी. येथल्या माणसाने बांधला तो उचल फेडण्यासाठी. पहिल्या दगडाची कथा सर्वत्र सांगितली जाते. दुसऱ्या दगडाची कथा अधिक मोठ्याने सांगितली गेली, तर परदेशी नोकरीसाठी दलालाला पैसे देऊन, कर्ज डोक्यावर घेऊन आखातात उतरणाऱ्या आजच्या मजुराला त्या घरांत स्वतःचा चेहरा दिसेल.

मुहर्रक बेटाच्याच उत्तरेला समाहीज हे गाव आहे. तेथील कबरस्थानातील एका टेकाडावर जुन्या मशिदीचे अवशेष होते. त्याखाली टिमथी इन्सॉल आणि सलमान अल-महारी यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश-बहरिनी पथकाला आठ खोल्यांची एक इमारत मिळाली. तिचे निष्कर्ष 2024 साली जाहीर झाले. स्वयंपाकघर, भोजनघर, कामाची जागा, राहण्याच्या खोल्या. गिलाव्याचे तीन क्रूस. भिंतीवर ओरखडलेली ख्रिस्तनामाची आणि माशाची चिन्हे. कार्बन कालमापनाने ती चौथ्या शतकाच्या मध्यापासून आठव्या शतकापर्यंत वापरात असल्याचे दिसते. ती मठ असेल किंवा बिशपांचे निवासस्थान. सिरियाक कागदपत्रांत मश्माहिग नावाच्या धर्मप्रांताचा उल्लेख इसवी सन 410 च्या धर्मपरिषदेपासून आढळतो आणि समाहीज हे नाव त्याचेच रूप मानले जाते. या इमारतीत भारतातील अकीकाचे मणीही निघाले आहेत.

ही ख्रिस्ती मंडळी पूर्वेकडील ख्रिस्तसभेची होती. रोमशी त्यांचा सहभाग नव्हता, त्यांची उपासना सिरियाक भाषेत होती. बेथ कत्राये या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच परिसराने निनवेच्या संत इसहाकासारखा थोर आध्यात्मिक लेखक दिला. 2024 मध्ये तत्कालीन परमगुरू फ्रान्सिस यांनी त्याचे नाव रोमन हुतात्मापंजीत समाविष्ट केले. तेव्हा समाहीजच्या क्रूसाकडे पाहून ‘येथे आधी आम्ही होतो’ असे म्हणण्याचा मोह कोणास झाला, तर तो आवरावा. तेथे त्यांच्या चुली होत्या, ते मासे खात होते, शेजाऱ्यांशी व्यापार करीत होते. हळूहळू गावाचा धर्म बदलला, इमारत सुटली, वर मशीद आली, मशीद पडली आणि सभोवती कबरी आल्या. या साऱ्यात कोठे विजयाची तुतारी वाजविण्यासारखे काही नाही. एका मुस्लिम राज्याच्या पुरातत्त्व खात्याने आपल्याच मशिदीच्या खाली सापडलेले क्रूस उजेडात आणले आणि अभिमानाने जाहीर केले, हे अधिक महत्त्वाचे. अवालीत 2021 साली अरबस्तानच्या मातेचे कॅथेड्रल उभे राहिले आणि 2022 च्या नोव्हेंबरात परमगुरू फ्रान्सिस बहरीनला गेले. या गोष्टी ठाऊक असणाऱ्या आपल्या माणसांनी समाहीजलाही जावे. आपले चर्च त्या भूमीत पाहुणे असले, तरी ख्रिस्ताचे नाव तेथे पाहुणे नाही, हे त्यांना कळेल.

समीक्षकाने शेवटी निर्णय द्यावयाचा असतो. बहरीनने आपली स्थळे बहुतांशी काळजीपूर्वक, थर न पुसता जपली आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे परक्यांचे थर आपल्या थरांइतक्याच आदराने वाचले आहेत. जे उणे आहे ते मुख्यतः सांगण्यात आहे : नष्ट झालेल्या ढिगाऱ्यांविषयी संकोच, आटलेल्या झऱ्यांविषयी मौन, कर्जाविषयी हळू आवाज, आणि या साऱ्यांवर नंदनवनाचे रेशमी पांघरूण. ते पांघरूण बाजूला सारले तरी बेट गरीब होत नाही. एकाच तराजूवर विश्वास ठेवणारे व्यापारी, मुलासाठी दगड रचणारे आईबाप, खजुराचा पाक गाळणारे हात, दोर धरून बसलेला जोडीदार आणि भिंतीवर मासा ओरखडणारा मठवासी, असे कितीतरी जण तेथे भेटतात. सुमेरी कवीने दिलमुनमध्ये रोग नाही, वार्धक्य नाही असे लिहिले. बहरीनच्या मातीने ते खोडून काढले आहे, आणि त्यामुळेच तिची साक्ष आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटते.